त्या बाईला आमच्या घरातलं एवढं कसं ठाऊक होतं?

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या आठवड्यात घडलेला प्रकार जसाच्या तसा लिहिते. एक कोडं सुटत नाहीये, त्यासाठी मदत हवी आहे.

मी कामासाठी विमानाने निघाले होते. विमानात बसल्यावर फोन बंद केला. त्याच दीड तासात बाबांना अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, अतिशय आर्जवी. "काका, मी चिऊच्या ऑफिसातली. घाबरू नका, ती बरी आहे, पण तिचं विमान चुकलं आणि गडबडीत फोन पडून फुटला." चिऊ हे माझं घरातलं नाव. ऑफिसात ते कुणाच्या बापालाही ठाऊक नाही. म्हणजे फक्त माझ्याच बापाला ठाऊक आहे. पुढे म्हणाली, "तुमचा गुडघा कसा आहे आता? ऑपरेशनला महिनाच झालाय ना, तुम्ही धावपळ करू नका." मग माझ्या विमानाचा क्रमांक सांगितला, अगदी बरोबर. तेवढ्यात मागे आमचा कुत्रा भुंकला, तर म्हणते, "बंड्या का?" इथे बाबा विरघळले.

शेवटी मुद्द्यावर आली. नवं तिकीट काढलंय, त्याचा सहा आकडी कोड तुमच्या मोबाइलवर येईल, तेवढा वाचून दाखवा.

कोड आला. बाबांना चष्मा सापडेना. फोन तसाच चालू ठेवून ते घरभर चष्मा शोधत फिरले, तेव्हा भावाने विचारलं काय हवंय, आणि त्यानेच मेसेज वाचला. त्यात तिकिटाचा उल्लेखही नव्हता. तो कायप्पाच्या (व्हॉट्सॲपच्या) नोंदणीचा कोड होता आणि तो कोणालाही देऊ नका असं त्यातच लिहिलं होतं.

एक पैसा गेला नाही. पण मला झोप लागत नाहीये. घरातलं नाव, गुडघा, विमान, कुत्रा, बाबांचा नंबर. पाच गोष्टी तिला कुठून मिळाल्या? चेपुवर (फेसबुकवर) माझं खातं फक्त मित्रमंडळींपुरतं आहे. बाबा तर तिथे सहा महिन्यांतून एकदा डोकावतात.

चक्रमादित्य | मंगळवार, रात्री ९:५२

चष्मा न सापडणे ही सर्वात जुनी आणि खात्रीची सुरक्षा यंत्रणा आहे. ह.घ्या. (हलके घ्या)

बाबा बरे आहेत ना? अशा वेळी माणसं स्वतःलाच बोल लावून घेतात.

टिंबटिंब | मंगळवार, रात्री १०:०५

कोडं नंतर सोडवू, आधी दार लावा. झोपायच्या आधी बाबांच्या फोनवर दोन कामं करा. कायप्पाच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, तिथे सहा आकडी पिन लावा आणि सोबत ईमेल पत्ताही द्या. ईमेल दिला नाही आणि पिन विसरलात तर सात दिवस खोळंबून राहाल. दुसरं, लिंक्ड डिव्हायसेस उघडून पाहा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तिथूनच लॉग आउट करा.

तो कोड तिला मिळाला असता तर बाबांच्या नंबरचं कायप्पा तिच्या फोनवर सुरू झालं असतं आणि बाबांच्या फोनवर बंद पडलं असतं. जुने संदेश तिला दिसले नसते, पण बाबा ज्या ज्या गटात आहेत त्या सगळ्यांत ती जाऊन बसली असती. मग तासाभरात सगळ्या नातेवाइकांना बाबांच्या नावाने "जरा अडचण आहे, थोडे पैसे पाठव." पिन लावलेला असला की नुसत्या एसएमएसच्या कोडवर हे जमत नाही. अर्थात पुढच्या वेळी फोन आला तर पिनही विचारतील, तेवढं बाबांना सांगून ठेवा.

सावळागोंधळ | मंगळवार, रात्री १०:३१

माझं असंच गेलं होतं. फोन नव्हता आला, चुलतभावाच्या खात्यावरून निरोप आला की "चुकून माझा कोड तुझ्याकडे गेलाय, पाठव ना." मी पाठवला. त्याचं खातं आदल्या रात्रीच गेलेलं होतं हे मला काय माहीत.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी: घाबरून ॲप काढून टाकू नका. आपल्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसचा नवा कोड टाकलात की तो माणूस बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या वेळात पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत नसतो. त्या सात दिवसांत मी एकेकाला साधा फोन करत सुटलो. सहा जणांनी पैसे पाठवले होते. त्यातले दोघे आजही माझ्याकडेच मागतात.

जुनं_खोड | बुधवार, सकाळी ७:१५

यात कोडं कसलं? या कंपन्या माहिती विकतात, विषय संपला. नाहीतर ऑफिसातलाच कोणी फितूर असेल. म्हणून मी कुठे फोटो टाकत नाही, वाढदिवस लिहीत नाही. आणि टाकला तरी माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?

टिंबटिंब | बुधवार, सकाळी ८:४०

@जुनं_खोड, फितुरीची शक्यता नाकारत नाही, पण विकत घेतलेल्या यादीत कुत्र्याचं नाव नसतं. ही बाई वाचत बसली होती. तिला फार तर अर्धा तास लागला असेल.

उंबरठाताई, एक प्रयोग करा. ज्यात कुठेच लॉग इन केलेलं नाही असा ब्राउझर उघडा आणि स्वतःला शोधा. नाव, मग फोन नंबर अवतरणचिन्हांत, मग जुने ईमेल पत्ते. चेपुवर आपलं पान परक्याला कसं दिसतं ते पाहायला 'व्ह्यू ॲज' आहे, तेही वापरा. हे झालं की भाऊ, आत्या, मामेभावंडं, बाबांचे मित्र, या सगळ्यांची पानं परक्याच्या नजरेने पाहा. माझा अंदाज आहे की तुमच्या खात्यावर फारसं काही सापडणार नाही.

उंबरठा | बुधवार, रात्री ११:२०

सापडलं. डोकं सुन्न झालंय.

माझं खातं बंदिस्त आहे, पण प्रोफाइल फोटो सगळ्यांना दिसतो आणि त्याखालच्या प्रतिक्रियाही. तीन आठवड्यांपूर्वी फोटो बदलला, त्याखाली आत्या लिहिते: "चिऊ, किती गं बारीक झालीस! दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना?" एका वाक्यात दोन गोष्टी. खाली मामेबहिणीने विचारलं कधी झालं, तर आत्याने तारीखही दिली. शिवाय "दादा" असं लिहून बाबांना टॅग केलंय, म्हणजे बापलेकीचं नातंही जुळवून दिलं.

विमान माझ्याच हातून गेलं. इन्स्टावर माझं चित्रांचं खातं आहे, ते सगळ्यांसाठी खुलं. निघताना पुस्तकात खुणेसाठी खोचलेल्या बोर्डिंग पासचा फोटो स्टोरीत टाकला होता. चोवीस तासांनी जातो म्हणून निर्धास्त होते. चोवीस तास कशाला हवेत, तिला दीडच हवे होते. फोन नेमका त्या वेळात आला, कारण त्या वेळी मला फोन लागणार नाही हे तिला ठाऊक होतं.

कुत्रा आणि नंबर बाकी आहेत.

टिंबटिंब | गुरुवार, सकाळी ९:०५

बोर्डिंग पासवरून एक आठवलं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी मार्च २०२० मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टावर टाकला होता. ॲलेक्स होप नावाच्या तरुणाने त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव वापरून विमान कंपनीच्या संकेतस्थळावर त्यांचं बुकिंग उघडलं. पानाच्या पोटात त्याला पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर सापडला. त्याने गैरफायदा घेतला नाही, संबंधितांना कळवलं आणि सगळी हकीकत नंतर लिहून काढली. मला आवडलेला भाग असा की ॲबटनी त्याला स्वतःहून फोन केला आणि हे सगळं नीट शिकायला एखादं पुस्तक आहे का असं विचारलं.

तर क्रमांकावर बोट ठेवून फोटो काढला तरी भागत नाही. बारकोडमध्ये नाव, बुकिंग क्रमांक, आसन सगळं असतं आणि तो वाचणारी ॲप फुकट मिळतात. परतीचं तिकीट त्याच बुकिंगवर असेल तर तेही उघडतं.

चक्रमादित्य | गुरुवार, सकाळी ९:३०

आणि तो जॉन मॅकॅफी? आयुष्यभर ॲन्टिव्हायरसच्या डब्यावर त्याचं नाव. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरत होता. मुलाखतीला आलेल्या पत्रकारांनी त्याच्यासोबतचा फोटो छापला आणि फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश तसेच राहिले. सगळ्या जगाला कळलं की स्वारी ग्वाटेमालात आहे.

खिडकीपाशी | गुरुवार, दुपारी १:१०

हे फोटोच्या पोटातलं प्रकरण कोणी समजावेल का? मी कायप्पावर फोटो पाठवते तेव्हाही जागा जाते का?

टिंबटिंब | गुरुवार, दुपारी १:४५

फोन फोटो काढताना चित्रासोबत एक चिठ्ठी जोडतो: कोणता फोन, किती वाजता, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर नेमकी जागा. कायप्पावर फोटो म्हणून पाठवलात तर ही चिठ्ठी गळून पडते. दर्जा कमी होऊ नये म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवलात, किंवा ईमेलला जोडलात, तर ती जशीच्या तशी जाते. चेपु आणि इन्स्टावर इतरांना दिसणाऱ्या चित्रातून ती काढलेली असते. कंपनीकडे मात्र मूळ फोटोसोबत पोचलेली असते. सोपा उपाय, कॅमेरा ॲपची लोकेशनची परवानगीच काढून टाका.

पण या चिठ्ठीची भीती थोडी वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. फोटोत जे उघड्या डोळ्यांना दिसतं तेच पुरेसं असतं.

अबोली | गुरुवार, रात्री १०:१५

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दुजोरा. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

@जुनं_खोड, "लपवण्यासारखं काय आहे" हे मीही म्हणायचे. एका जुन्या सहकाऱ्याला नाही म्हटलं, त्यानंतर तो मी जाईन तिथे दिसायला लागला. आधी वाटलं योगायोग. मी कधीही ठिकाणाचं नाव लिहीत नव्हते. पण खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीचे फोटो टाकायचे, दर मोसमात, कारण तिच्यामागे आभाळ छान दिसतं. आणि सकाळी धावायला जायचे ते एका ॲपवर, नकाशासकट. सगळ्या धावांची सुरुवात आणि शेवट एकाच फाटकापाशी. त्याला काहीही फोडावं लागलं नाही.

नंतर यावर वाचलं तेव्हा कळलं की मी काही एकटी वेंधळी नव्हते. स्ट्राव्हा या ॲपने लोकांच्या धावण्या-सायकलीच्या नोंदींचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात मध्येच चमकणाऱ्या रेघा म्हणजे लष्करी तळ आहेत, कारण सैनिक तिथे आतल्या आत धावतात. आणि २०१९ मधलं जपानचं प्रकरण तर अंगावर येतं. एका तरुण गायिकेच्या सेल्फीत तिच्या बुबुळांत रेल्वे स्थानकाचं प्रतिबिंब होतं, ते मोठं करून, नकाशाशी ताडून एक माणूस तिच्या घरापर्यंत पोचला आणि त्याने तिच्यावर हल्ला केला.

मी काय बदललं ते सांगते. धावण्याच्या नोंदी फक्त मला दिसतात आणि घराभोवतीचा भाग नकाशातून झाकलेला आहे. फोटो ते ठिकाण सोडल्यावर टाकते, कधी आठवड्याने. एकदा कुठे गेले ते कळलं तरी चालेल, रोज कधी कुठे असते ते कळू देत नाही. खिडकीचे फोटो काढते अजूनही, पण कुणाला दाखवत नाही. ते मात्र जरा लागतं मनाला.

जुनं_खोड | शुक्रवार, सकाळी ६:५०

@अबोली, माझे शब्द मागे घेतो. मी स्वतःपुरतं बोलत होतो.

कारकून | शुक्रवार, सकाळी ११:००

मी काही वर्षं एका कंपनीच्या ग्राहक सेवेत फोन घ्यायला होतो (नाव विचारू नका). पलीकडून बोलणारा माणूस खरा आहे हे आम्ही कसं ठरवायचो? पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता. फार झालं तर आईचं माहेरचं आडनाव. बरोबर सांगितलं की खातं त्याचं. समोरचा जरा घाईत असला, रडवेला झाला, तर एखादं उत्तर चुकलं तरी आम्ही सोडून द्यायचो. आमच्या प्रत्येक फोनला मिनिटं मोजलेली असायची.

आता तुमच्या वाढदिवसाला भिंतीवर शंभर शुभेच्छा पडतात, त्यातला एक मित्र "चाळिशीत स्वागत" लिहितो. दिवस, महिना, साल तिन्ही झाले. लॅटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिन कोड एवढ्यावरच तिथली ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येतील. नावही लागत नाही.

बंड्याचं नाव कुठून गेलं असेल ते सांगू? "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव आणि शाळेचं नाव जोडा, हे तुमचं सिनेमातलं नाव" असले खेळ घरात कोणी खेळतं का?

उंबरठा | शुक्रवार, दुपारी १२:२५

भाऊ. दोन वर्षांपूर्वी. "बंड्या" आणि पुढे शाळेचं नाव, शेजारी हसरे चेहरे. आणि मी तिथे खाली लिहिलंय, "बंड्या पहिला नाही, पहिली मनी होती." म्हणजे चुकीचं उत्तर मी दुरुस्त करून दिलं!

आता खरं सांगते. माझ्या जुन्या ईमेलचा सुरक्षा प्रश्न "पहिला पाळीव प्राणी" हाच आहे. उत्तर मनी. तो ईमेल इन्स्टाला जोडलेला आहे.

टिंबटिंब | शुक्रवार, दुपारी १२:४०

धागा सोडा, आधी ते बदला.

टिंबटिंब | शुक्रवार, दुपारी १:३०

जरा सविस्तर. सगळ्या खात्यांची किल्ली ईमेल असते, कारण "पासवर्ड विसरलो" म्हटलं की दुवा तिथेच येतो. त्यामुळे इन्स्टाला कितीही कुलपं लावली आणि ईमेल मनीच्या भरवशावर ठेवला तर उपयोग नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा याहूचा ईमेल एका विद्यार्थ्याने उघडला तो असाच. जन्मतारीख, पिन कोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली या प्रश्नाचं उत्तर. तिन्ही गोष्टी जालावर शोधून मिळाल्या.

सुरक्षा प्रश्नाचं उत्तर खरं द्यायला तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या नाही. पहिला प्राणी "निळंशार पातेलं४१" असू शकतो. फक्त ते उत्तर पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप) लिहून ठेवा. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, तोही तिथेच. डोक्यात दोनच ठेवायचे: मॅनेजरचा आणि ईमेलचा.

आणि दुसरी पायरी ऑथेंटिकेटर ॲपची घ्या, तेच ते दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे. एसएमएस काहीच नसण्यापेक्षा बरा, पण नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेणारे असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच ट्विटर खात्यावर भलताच मजकूर झळकला तो त्यांचा नंबर असा पळवून. ॲप लावताना जे बॅकअप कोड देतात ते कागदावर लिहून ठेवा. त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणारे मी पाहिलेत.

चक्रमादित्य | शुक्रवार, दुपारी १:४१

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि माझा पहिला पाळीव प्राणी आजपासून गेंडा.

कारकून | शुक्रवार, दुपारी २:१०

@चक्रमादित्य, ते आत्ता इथे लिहून झालं ना. दुसरा शोधा.

जुनं_खोड | शुक्रवार, संध्याकाळी ७:३५

नातवाने 'हॅव आय बीन पोन्ड' नावाचं संकेतस्थळ दाखवलं. त्यात माझा ईमेल टाकला. चार ठिकाणच्या माहितीच्या गळतीत माझं नाव. त्यातल्या एका ठिकाणी मी खातं काढल्याचं मला आठवतही नाही. मी फोटो टाकत नाही, वाढदिवस लिहीत नाही, तरी हे. मग इतकी वर्षं मिळवलं काय मी?

टिंबटिंब | शुक्रवार, रात्री ८:२०

बरंच मिळवलंत. गळतीत तुमचा ईमेल आणि जुना पासवर्ड गेला असेल, तो बदलला की निकामी. उंबरठाताईंच्या बाबांच्या गुडघ्याचं असं नाही, तो बदलता येत नाही.

पण एक खरं की आपली माहिती आपल्या एकट्याच्या ताब्यात कधीच नसते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजूषेतून लोकांची माहिती मिळवल्याचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं. ती प्रश्नमंजूषा सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी भरली होती, आणि माहिती गेली ती फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. बाकीच्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या मित्राने एक चाचणी दिली. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे फोन नंबर नावांसकट जालावर उघडे पडले. ते मिळवले होते "तुमच्या फोनमधल्या ओळखीच्या लोकांना शोधा" या सोयीतून, नंबरांच्या लांबलचक याद्या तिच्यात ओतून. त्यामुळे कुठलंही ॲप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं तेव्हा ते इतरांची वही मागत असतं. मी नाहीच म्हणतो. आणि 'माझ्या नंबरवरून मला कोण शोधू शकेल' हे सेटिंग 'फक्त मी' करून टाका, टेलिग्रामवर नंबर कोणाला दिसावा तेही.

रच्याकने (जाता जाता), सुरक्षेसाठी म्हणून दिलेला नंबर सुरक्षेपुरता राहतो असंही नाही. असे नंबर आणि ईमेल जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल ट्विटरला अमेरिकेत २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरावे लागले.

खिडकीपाशी | शनिवार, सकाळी १०:२०

तांत्रिक गोष्टी कराव्या लागतील तितक्या करीन, पण माझी अडचण वेगळी आहे. माझी मुलगी सात वर्षांची. मी तिचे फोटो टाकत नाही. नणंद टाकते. शाळेच्या गणवेशात, छातीवर शाळेचं नाव, खाली "आमची लाडकी आज सात वर्षांची." मी काढायला सांगितलं तर घरात अबोला. "तुलाच काय ती मुलीची काळजी" हे ऐकून घ्यावं लागलं. कसं सांगता तुम्ही लोक?

अबोली | शनिवार, सकाळी ११:०५

लोकांसमोर, प्रतिक्रियेत कधीच लिहायचं नाही. तिथे माणूस हट्टाला पेटतो. फोन करून, आधी फोटोचं कौतुक करून. आणि "काढ" म्हणण्याऐवजी "हा घरच्या गटात टाक ना, तिथे सगळे बघतील" असं सांगून पाहा. जागा दिली की लोक हलतात.

सावळागोंधळ | शनिवार, सकाळी ११:४०

टॅग आपल्या मंजुरीशिवाय आपल्या पानावर येऊ नये असं सेटिंग असतं. पण त्याने फोटो नणंदेच्या पानावर राहतोच, फक्त तुमच्या पानावर दिसत नाही. त्यामुळे बोलण्याला पर्याय नाही.

उंबरठा | शनिवार, रात्री ९:५५

मीही आज आत्याशी बोलले. प्रतिक्रिया पुसून टाक म्हटल्यावर गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे चोराला मी दार उघडून दिलं म्हणतेस." मी म्हटलं, आत्या, अर्धं दार मी उघडलं आणि अर्धं आपण सगळ्यांनी. बोर्डिंग पासचं सांगितलं, भावाच्या खेळाचं सांगितलं, मनीचंही. तेव्हा जरा हसली. तिला लाज वाटेल असं मी बोलले नाही याचं समाधान आहे, कारण तिने चौकशी केली ती मायेपोटीच.

आता उलटी पंचाईत. संध्याकाळपासून आत्या घरच्या गटात दरोगा झाली आहे. काकाने प्रवासाचा फोटो टाकला तर "तारीख दिसते आहे, काढ." मामेबहिणीच्या बाळाचं नाव अजून ठरायचंय तर "ठरलं तरी इथे लिहू नका."

पाचवी गोष्ट राहिली होती, बाबांचा नंबर. तोही सापडला. सहा वर्षांपूर्वी जुना सोफा विकायला मी एका खुल्या गटात जाहिरात टाकली होती. "संपर्क: बाबा", आणि पुढे दहा आकडे. सोफा दोन दिवसांत गेला होता.

जुन्या पोस्ट एकदम मित्रांपुरत्या करायचं बटण चेपुवर आहे (लिमिट पास्ट पोस्ट्स), ते दाबलं. पण गटातली जाहिरात त्याने हलली नाही, ती हाताने पुसावी लागली. एक जुनं खातंही कायमचं काढायला टाकलंय. तीस दिवसांची मुदत देतात, तेवढ्यात चुकून लॉग इन केलं की प्रक्रिया रद्द करायचा मोह होणार, म्हणून फोनमधून ॲपच काढलं.

कारकून | शनिवार, रात्री १०:३०

एक सुचवू? पुढचा फोन कदाचित तुमच्याच आवाजात येईल. थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल करता येते आता, आणि आपण सगळ्यांनी व्हिडिओ टाकून ठेवलेतच. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. पैसे, कोड किंवा अपघात यांपैकी काही निघालं की आधी शब्द विचारायचा. घरात कधी लिहून-बोलून न झालेला हवा. आणि शब्द नसला तर फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन करायचा.

उंबरठा | रविवार, सकाळी ९:१०

हे फार आवडलं. आज सगळे घरीच आहोत, ठरवूनच टाकतो.

चक्रमादित्य | रविवार, सकाळी ९:१४

शब्द काय ठरला?

उंबरठा | रविवार, सकाळी ९:३०

छान प्रयत्न.

उंबरठा | गुरुवार, रात्री ८:४५

ताजी बातमी. आज ऑफिसात माझ्या फोनची बॅटरी संपली, म्हणून मैत्रिणीच्या नंबरवरून बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, मला एक कोड येईल तुमच्या ईमेलवर, तेवढा सांगा. पलीकडे शांतता. मग एकदम करड्या आवाजात, "शब्द?"

मला आठवेना. मी म्हटलं, बाबा, मीच आहे, चिऊ. म्हणाले, "ते सगळ्यांनाच माहीत आहे." आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला तर भावाने उचलला. म्हणतो, बाबा विचारतायत आठवला का.

नाही आठवत आहे अजून.

चक्रमादित्य | गुरुवार, रात्री ८:५१

चष्म्याखाली बघा.